झिजलेल्या टायरची साक्ष

आपल्या वस्त्यांमधील कितीतरी तरुणांच्या हाती आज स्टिअरिंग आहे. कोणी शाळेची व्हॅन चालवतो, कोणी उमरेडच्या कोळसा खाणींकडे भाड्याची गाडी नेतो, तर कोणी पर्यटकांना घेऊन जंगलाच्या वाटेला लागतो. हुडकेश्वर, नरसाळा, पिपळा या भागात असे एखादे तरी घर प्रत्येक गल्लीत सापडेल. ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल, एके काळी जीप वस्तीत यायची ती तहसीलदाराची, पोलिसांची किंवा निवडणुकीतल्या उमेदवाराची. आपण बाजूला सरकून वाट द्यायची आणि धूळ खायची. आता त्याच गाडीच्या चालकाच्या आसनावर आपला मुलगा बसतो. ही गोष्ट लहान नाही.

पण गाडी चालवणे वेगळे आणि गाडी समजणे वेगळे. गाडी समजत नसली की तिच्या प्रत्येक बिघाडाचे खापर चालकाच्या डोक्यावर फुटते. "तूच नीट चालवत नाहीस" असे मालक म्हणतो, आणि मुलगा मान खाली घालून ऐकतो, कारण उत्तर काय द्यायचे हे त्याला ठाऊक नसते. म्हणून आज आम्ही टायरविषयी लिहीत आहोत. त्यातही ज्या गाड्यांची चारही चाके इंजिनाच्या जोरावर फिरू शकतात, ज्यांना फोर-व्हील ड्राइव्ह किंवा फोर बाय फोर म्हणतात, त्यांच्या टायरविषयी. या गाड्यांची झीज वेगळी असते, महाग असते, आणि नीट पाहिली तर दोष नेमका कुठे आहे हे ती स्वतःच सांगते.

पगारातून कापलेले टायर

रविवारी बुद्धवंदना झाल्यावर विहारात लोक आपापल्या अडचणी घेऊन बसतात. कोणाचा जातीच्या दाखल्याचा प्रश्न, कोणाचे रेशनकार्ड, कोणाचा शाळाप्रवेश. गेल्या पावसाळ्यानंतर एक माउली मुलाच्या पगाराचा हिशेब लिहिलेला कागद घेऊन आली. मुलगा एका मालकाच्या जुन्या जिप्सीवर चालक. गाडी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याकडे पर्यटक नेते. पुढचे दोन टायर अवकाळी झिजले. मालकाने टायरांची किंमत हप्त्याहप्त्याने पगारातून कापायला सुरुवात केली होती. दोन हप्ते कापून झाले होते.

"माह्या पोरानं काई मुद्दाम घासले नाई जी टायर, भाऊ. मालक म्हनते, वळनावर जोरात काढते, म्हनून बाहेरची बाजू गेली. पोरगं काईच बोलत नाई."

आम्ही विचारले, "काकू, मालकाने आधी मुलाला काही विचारले होते का? गाडी कोणाला दाखवली होती का?"

"दाखवली ना. दोनदा अलाइनमेंट केली म्हनते. तरी तसंच."

आम्ही कारकून माणूस. वही-खाते कळते, गाडीचे यंत्र कळत नाही. पण आमच्या विहारात एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ उपासक नियमित येतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी कागद बाजूला ठेवला आणि एवढेच म्हणाले, "कागद राहू द्या. टायर दाखवा." पुढे जे दिले आहे, त्यातले बरेचसे मामांनी त्या मुलाला आणि आम्हाला गाडीशेजारी उकिडवे बसवून शिकवले.

चारही चाके ओढतात म्हणजे काय होते?

साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. उरलेली दोन चाके नुसती गडगडत जातात. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत गिअरशेजारी आणखी एक छोटा दांडा असतो. तो टू-एचवर असेल तर फक्त मागची चाके ओढतात. फोर-एचवर टाकला की पुढची आणि मागची दोन्ही ओढतात. फोर-एल हा तर चिखलातून, चढावरून हळूहळू पण जोराने निघण्यासाठी असतो. जुन्या महिंद्रा जीप आणि मारुती जिप्सी या याच प्रकारातल्या. जिप्सी १९८५ साली आली, १९९६ साली तिची जिप्सी किंग ही सुधारित आवृत्ती आली आणि २०१९ च्या सुमारास सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री बंद झाली. त्यामुळे आज रस्त्यावर दिसणारी खाजगी जिप्सी ही वापरलेली, झिजलेल्या सांध्यांची गाडी असते, हे आधी लक्षात घ्यावे. २०२० साली आलेली नवी थार आणि २०२३ साली आलेली जिम्नी यांतही हा दांडा आहे आणि त्याचा नियमही तोच आहे.

नियम असा : फोर-एच हा चिखल, वाळू, ओले गवत, सैल मुरूम यांसाठी आहे. कोरड्या डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यासाठी तो नाही.

याचे कारण समजून घेऊ. गाडी वळते तेव्हा चारही चाके सारखे अंतर चालत नाहीत. बाहेरचे चाक मोठे वर्तुळ काढते, आतले लहान. त्यासाठी एकाच आसावरच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल नावाची गिअरांची पेटी असते. ती एका चाकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी फिरू देते. पण वळणावर पुढची चाकेसुद्धा मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर चालतात. जिप्सीच्या पुढच्या व मागच्या आसांमधले अंतर २३७५ मिलिमीटर आहे. मागचा आस ६ मीटर त्रिज्येच्या वळणावर असेल, तर पुढचा आस साधारण साडेसहा मीटर त्रिज्येवर जातो. म्हणजे एका काटकोनी वळणात पुढचा आस मागच्यापेक्षा सुमारे ७० सेंटिमीटर जास्त चालतो. बैलगाडी वळवताना बैल मोठा फेरा घेतात आणि चाके आतून येतात, तसेच हे.

टू-एचमध्ये याची अडचण नाही, कारण पुढची चाके मोकळी असतात. फोर-एचमध्ये मात्र पुढचा आणि मागचा आस एकमेकांना जणू साखळीने जखडलेले असतात. या गाड्यांत मधोमध तिसरे डिफरन्शियल नसते. मग ते ७० सेंटिमीटर जायचे कुठे? चिखलात चाक थोडे घसरते आणि हिशेब जुळतो. कोरड्या डांबरावर चाक सहज घसरत नाही. मग टायर रस्त्यावर खरडला जातो, स्टिअरिंग जड होते, आणि गिअरपेटीत पीळ भरतो. हा पीळ ओळखण्याची खूण सोपी आहे. वळणावर टायर चिरकतात, गाडी कोणी मागून धरल्यासारखी अडखळते, आणि दांडा फोर-एचमधून बाहेर निघता निघत नाही. असे झाले तर दांड्याशी झटापट करू नये. मागे कोणी नाही हे पाहून गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी. पीळ सुटतो आणि दांडा निघतो.

टायर कसा वाचायचा?

दुकानात गेल्यावर "अलाइनमेंट करून टाका" हे उत्तर सर्वांना एकच मिळते. पण रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असे होऊ नये. आधी टायर वाचावा. त्यासाठी लागते एक वही, एक पेन्सिल, एक छोटी पट्टी आणि खडू. खोली मोजण्याचे छोटे मापक गाडीच्या सामानाच्या दुकानात मिळते, ते असेल तर अधिक चांगले.

प्रत्येक टायरच्या खाचांची खोली तीन ठिकाणी मोजावी : आतल्या बाजूला, मधोमध आणि बाहेरच्या बाजूला. चार चाके आणि स्टेपनी मिळून पंधरा आकडे होतात. हे पंधरा आकडे तारीख व किलोमीटरसह वहीत लिहावेत. खाचांच्या तळाशी जागोजागी छोटे उंचवटे असतात. टायरची नक्षी झिजून त्या उंचवट्यांना टेकली की खोली १.६ मिलिमीटर उरली असे समजावे. मोटारींच्या बाबतीत यापेक्षा कमी खोलीचा टायर नियमाने चालत नाही. पण आमचे सांगणे असे की, पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिलिमीटरपेक्षा कमी खोली असेल तर तेव्हाच टायर बदलण्याची तयारी ठेवावी. पाणी बाहेर फेकायला खाच उरली नाही तर ब्रेक लागायला उशीर होतो.

आता आकड्यांचा अर्थ पाहू.

दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत असेल, तर हवा कमी आहे. जंगलात चिखलासाठी हवा सोडायची आणि डांबरावर आल्यावर भरायची विसरायची, ही सवय याच्या मुळाशी पुष्कळदा असते. रेडियल टायर बरोबर हवा असतानाही खाली थोडा फुगलेला दिसतो. त्यामुळे नुसते पाहून किंवा लाथ मारून हवा कळत नाही. सकाळी टायर थंड असताना मापकानेच पाहावी, आणि गाडीच्या पुस्तिकेत दिली आहे तेवढीच भरावी.

मध्य झिजला आणि कडा शाबूत असतील, तर हवा जास्त आहे.

एकच बाजू झिजली, तर पुढची परीक्षा हाताने करायची. टायरवर तार निघालेली नाही हे आधी पाहावे, नाहीतर हात फाटेल. मग तळहात नक्षीवरून बाहेरून आत, म्हणजे गाडीच्या पोटाकडे फिरवावा. नंतर आतून बाहेर फिरवावा. आत जाताना गुळगुळीत आणि बाहेर येताना करवतीसारखे टोचत असेल, तर पुढची चाके समोरच्या बाजूने एकमेकांकडे जास्त वळलेली आहेत. याला टो-इन म्हणतात. उलट लागत असेल तर ती बाहेर फाकलेली आहेत, म्हणजे टो-आउट. नुसते वळणावर जोराने गाडी काढल्याने मुख्यतः बाहेरचा खांदा गोल होतो. सगळ्या नक्षीवर आडवी करवत उमटणे ही चाकांच्या दिशेची तक्रार आहे.

करवत नाही पण एक बाजू तिरकी झिजली असेल, तर चाक उभे नसून कललेले आहे. जुन्या जीप व जिप्सीचा पुढचा आस एकसंध असतो. अशा गाडीत अलाइनमेंटच्या यंत्रावर सहसा टो तेवढा जुळवता येतो. चाकाचा कल स्क्रू फिरवून सुधारत नाही. तो बिघडला तर आस वाकला आहे किंवा किंगपिनची बेअरिंगे गेली आहेत. म्हणून "कल काढून दिला" असे या गाड्यांबाबत कोणी सांगितले, तर कसा काढला हे जरूर विचारावे. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार यांची पुढची चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात. त्यांची रचना वेगळी आहे, त्यांना हा नियम लावू नये.

टायरवर वाट्या-वाट्यांसारखे खळगे पडले असतील, तर शॉकअप कमजोर आहे, चाकाचे बॅलन्सिंग बिघडले आहे किंवा चाकाची बेअरिंगे सैल आहेत. एकाच ठिकाणी सपाट चट्टा पडला असेल, तर ब्रेक दाबून चाक घसरत गेले आहे. जाड ठोकळ्यांच्या टायरमध्ये प्रत्येक ठोकळ्याचे एक टोक उंच आणि दुसरे सखल झाले असेल, तर चाके बराच काळ अदलाबदल न करता एकाच जागी फिरली आहेत. दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांच्या जागा बदलल्या तर हे टळते.

आणि पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा फार लवकर संपत असेल, तर फोर-व्हीलचा दांडा आणि चारही टायरांचे माप, या दोन गोष्टी तपासल्याशिवाय नवे टायर घेऊ नयेत.

त्या गाडीचे पंधरा आकडे

मामांनी त्या जिप्सीचे आकडे मुलाकडूनच काढून घेतले. आम्ही वहीत लिहिले. पुढचा डावा टायर : आत ४, मध्ये ४, बाहेर २. पुढचा उजवा : तेच. मागचे दोन्ही सगळीकडे ७. स्टेपनी ८. मागचे दोन टायर मालकाने काही महिन्यांपूर्वी नवे घातले होते, पुढचे जुनेच राहू दिले होते.

मग हाताची परीक्षा झाली. तळहात आत जाताना गुळगुळीत, बाहेर येताना टोचणारा. म्हणजे टो-इन. पडताळणीसाठी दोन्ही पुढच्या टायरच्या मधोमध खडूची खूण केली. चाकाच्या मध्याच्या उंचीवर समोरून त्या दोन खुणांमधले अंतर टेपने मोजले. मग गाडी ढकलून खुणा अर्धा फेरा मागे नेल्या आणि तेच अंतर मागून मोजले. समोरचे अंतर १२ मिलिमीटरने कमी भरले. अशा गाडीत हा फरक थोड्या मिलिमीटरचाच असावा लागतो. विचारपूस केल्यावर कळले की, मधल्या काळात टाय रॉडचा सांधा बदलला होता, आणि अलाइनमेंट त्याच्या आधी झाली होती, नंतर नाही.

पुढे मामांनी मागच्या चाकांना दगडाची ओट लावली, पुढचा आस जॅकवर उचलला आणि खाली घोडी दिली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये, हे त्यांनी तीनदा बजावले. मग चाक वर आणि खाली धरून हलवले. डावे चाक खडखडले. मामांनी मुलाला ब्रेक दाबायला सांगितले. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली असती तर चाकाचे बेअरिंग सैल म्हणता आले असते. ती थांबली नाही. म्हणजे किंगपिन. सैल किंगपिनवर अलाइनमेंट दहा वेळा केली तरी टिकत नाही.

शेवटी मामांनी मुलाला विचारले, "बाळा, जंगलातून निघाल्यावर दांडा कुठे असतो?"

मुलगा म्हणाला, "फोर-एचवरच ठेवतो, मामा. पकड चांगली राहते म्हणून. घरी येईपर्यंत तसाच."

इथे आम्ही वहीत थोडे गणित केले. या गाडीचा टायर २०५/७० आर १५ मापाचा. नवा असताना त्याचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर. मागच्या टायरची खोली ७ आणि पुढच्याची ४, म्हणजे त्रिज्येत ३ मिलिमीटरचा फरक. परिघात तो सुमारे १९ मिलिमीटर होतो. एका फेऱ्यात जेमतेम बोटाची जाडी! पण किलोमीटरमध्ये फेरे असतात पावणेपाचशेहून अधिक. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला सुमारे ९ मीटरची तफावत. अभयारण्यापासून नागपूर साठेक किलोमीटर. एका परतीच्या प्रवासात अर्धा किलोमीटरहून जास्त अंतर टायरने खरडून काढले, आणि तेही सरळ रस्त्यावर. वळणांचा हिशेब वेगळाच. टायर दबतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमी-जास्त होईल, पण रोजकीर्दीत ही गळती नोंदवावीच लागेल.

म्हणजे दोष तीन ठिकाणी निघाला. बिघडलेला टो आणि सैल किंगपिन हा देखभालीचा दोष. पुढे जुने व मागे नवे टायर ही मालकाची काटकसर. कोरड्या रस्त्यावर फोर-एच ही चालकाची सवय, आणि ती सवय चुकीची आहे हे त्याला नोकरी देताना कोणीही सांगितले नव्हते. वळणावर जोरात गाडी काढण्याची खूण त्या टायरवर दिसली नाही. सगळी शिक्षा मात्र चालकाला झाली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

मुलाने आपला वाटा नाकारला नाही. तो म्हणाला, "फोर-एचची गोष्ट माझी. पण बाकीचं माझं नाही." आईच्या डोळ्यांत त्या दिवशी आम्हाला जे दिसले, ते पैशापेक्षा मोठे होते. मुलगा पहिल्यांदा बोलला होता.

कपातीचा कायदा काय सांगतो?

येथे प्रत्येक कामगार कुटुंबाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. नुकसानीपोटी पगारातून कपात करायची असेल, तर ते नुकसान कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झालेले असले पाहिजे. कपात नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय कपात करता येत नाही. हे तत्त्व १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यात होते आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतही ते कायम आहे.

कायद्याने संधी दिली तरी त्या संधीचे सोने करायला हातात काहीतरी लागते. "मी नाही केले" एवढे म्हणून भागत नाही. पंधरा आकडे, टेपचे माप, तारीख आणि किलोमीटर लिहिलेला कागद असेल तर म्हणणे वजनदार होते. आम्ही तो कागद घेऊन, मुलगा आणि त्याची आई यांच्यासह मालकाकडे गेलो. आवाज चढवला नाही. गाडीपाशी उभे राहून मुलाने स्वतः टायरवर हात फिरवून दाखवला, आणि मालकालाही फिरवायला लावला. मालकाने पुढची कपात थांबवली. किंगपिनचे व टोचे काम करून घेतले. कापलेल्यापैकी अर्धी रक्कम परत केली, अर्धी अजून बाकी आहे. तिचा पाठपुरावा चालू आहे.

परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते. कामगारांच्या हक्कांचे कायदे आणि युद्धकाळातील तंत्रशिक्षणाची योजना ही दोन्ही कामे त्याच एका खात्याकडे होती. आम्हाला त्यात मोठा अर्थ दिसतो. कामगाराला हक्कही हवा आणि हुन्नरही हवा. नुसता हक्क असेल तर तो मागता येत नाही, नुसता हुन्नर असेल तर त्याचे मोल मिळत नाही.

घरोघरी करण्यासारखे

ज्या घरात कोणी चालक आहे, त्या घराने एक वही करावी. महिन्यातून एकदा पंधरा आकडे लिहावेत. हे काम घरातली शाळकरी मुलगीही करू शकते. तिला परीघ आणि त्रिज्या पुस्तकात शिकवतातच, ती इथे पडताळूनही पाहील. नव्या गाडीवर कामाला लागताना पहिल्याच दिवशी टायरांचे आकडे व स्थिती लिहून मालकाची सही घ्यावी. सही मिळाली नाही तर मोबाइलवर तारखेसह छायाचित्रे तरी काढून ठेवावीत. आधीची झीज आपल्या नावावर येत नाही.

ज्यांनी कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली आहे, त्यांनी चारही टायर एका मापाचे, एका कंपनीचे आणि जवळपास सारख्या झिजेचे ठेवावेत. स्टेपनीलाही चाकांच्या अदलाबदलीत फिरवावे. पैशाअभावी दोनच नवे घ्यावे लागले, तर चौघांची खोली सारखी होईपर्यंत फोर-एच अगदी चिखलात अडल्यावरच वापरावा. काही आधुनिक गाड्यांत चारही चाकांना जोर आपोआप मिळतो, दांडा नसतोच. तिथे टायरांत फार फरक ठेवला तर टायरांबरोबर आतली महागडी यंत्रणाही तापून बिघडू शकते. रिमोल्ड टायर पुढच्या चाकांना लावू नयेत. मापक वापरल्याशिवाय हवा भरू नये.

हुडकेश्वर-नरसाळ्याच्या लेआउटमध्ये पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल होतो. तिथे फोर-एच टाकायला हरकत नाही. पण चिखल संपला आणि डांबर लागले की दांडा मागे घ्यायचा, हे हाताला वळण लागले पाहिजे. पुढच्या चाकांना हब लॉक असलेल्या गाडीत चिखल संपल्यावर तेही मोकळे करावे. ते बंद राहिल्याने टायर घासत नाहीत, पण पुढची यंत्रणा विनाकारण फिरत राहते.

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले होते. एक भाग उपभोगाला, दोन भाग व्यवसायाला आणि चौथा अडचणीच्या वेळेसाठी. चालकाच्या घरात टायर हा व्यवसायाचा भाग आहे. तो संपल्यावर उसनवारी करण्यापेक्षा, संपत आला हे वहीने आधी सांगितलेले बरे.

केसपुत्त गावच्या कालामांनाही तथागतांनी हेच शिकवले की, कोणी मोठा माणूस सांगतो म्हणून किंवा सगळे म्हणतात म्हणून एखादी गोष्ट खरी धरू नका, स्वतः तपासून पाहा. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण दूर करता येते आणि त्याचा मार्ग आहे. विहारात आपण हे नित्य ऐकतो. ते गाडीच्या चाकालाही लागू आहे, आणि पगाराच्या कागदालाही.

तेव्हा चालक बांधवांनो, उद्या सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी दोन मिनिटे खाली बसा. टायरवरून हात फिरवा, आत आणि बाहेर. त्यावर काय लिहिले आहे ते दुसऱ्याने वाचून दाखवण्याआधी तुम्ही वाचा.

जयभीम!